अधिक चाळीस

जुन्या विजेच्या भट्टीच्या कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडलं तर त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने, बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहिलेलं होतं : +४०.

बाकी काही नाही. सही नाही, तारीख नाही. ब्रशही नसावा, काडी बुडवून लिहिलेलं वाटत होतं. चारच्या शेपटीला रंगाचा ओघळ आलेला आणि तो तसाच वाळलेला. ज्याच्याकडून भट्टी आणली त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी आलो तेव्हापासून आहे ते, दादा. आधीच्या कुणाचं तरी असेल." टूलरूम बंद पडली होती, सामान निघालं होतं आणि ही भट्टी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. त्याला ती जागेवरून हलवायची होती. मला माझ्या पटाशांना आणि रंध्याच्या पात्यांना घरीच पाणी द्यायचं होतं.

पाणी देणं म्हणजे पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापवायचं, तिथे थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग एकदम थंड करायचं. पाण्यात क्वचित, तेलातच जास्त. तापल्यावर लोखंडाची आतली रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. एकदम थंड केलं की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो तिथेच अडकतो, आणि त्या अडकण्यातून कडकपणा येतो. नंतर २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्या कडकपणातला ठिसूळपणा थोडा काढून घ्यायचा, हे टेम्परिंग. सांगायला सोपं आहे. अडचण पहिल्या आकड्यात आहे. तापमान कमी पडलं तर कार्बन पुरता विरघळत नाही आणि कानस पात्यावर चावते. जास्त झालं तर आतले कण फुगतात आणि धारेचे टवके उडतात. मधली जागा वीस-तीस अंशांची.

"रंगावरून कळतं की" असं म्हणणारे मला खूप भेटतात. कळतं, नाही असं नाही. पण तोच लाल रंग भरदुपारी मंद दिसतो आणि तिन्हीसांजेला भडक. ज्यांनी जन्मभर एकाच कोपऱ्यात, एकाच उजेडात काम केलं त्यांच्या डोळ्यावर मी विश्वास ठेवीन. माझ्या डोळ्यावर नाही. चुंबकाची युक्तीही जुनी. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला धरायचं सोडतं. पण चुंबक सुटला म्हणजे अजून किती वर जायचं, हे तो सांगत नाही. म्हणून भट्टी.

तर भट्टी. बाहेरून पत्र्याचा डबा, आत हातभर खोल कोठी, कोठीला हलक्या पांढऱ्या विटांचं अस्तर. या विटा इतक्या सच्छिद्र असतात की पाण्यावर तरंगतात आणि हाताच्या करवतीने कापता येतात. त्यांच्यात सहा खाचा, खाचांत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली हीटरची तार. ती तार तळाच्या खाचेत तुटलेली होती. तुटलेल्या जागी विटेवर काळा, काचेसारखा चमकणारा गोळा चिकटला होता.

हा गोळा मी बराच वेळ बघत बसलो. तार म्हातारी होऊन तुटते तेव्हा ती बारीक झालेली असते, कुठेही तुटते. ही बाकी ठिकाणी जाडजूड होती. लोखंड उघड्या हवेत तापवलं की त्याच्यावर खपली धरते, आणि थंड होताना ती सुटते. कुणीतरी वर्षानुवर्षं उघडंच काम भट्टीत ठेवलं असणार, खपल्या खाली पडत राहिल्या असणार, त्यांतली एक तारेवर बसली. अशी तार क्रोमियम, अॅल्युमिनियम आणि लोखंडाच्या मिश्रणाची असते. अॅल्युमिनियम सहा टक्क्यांच्या आसपास, पण सगळी इज्जत तेच राखतं. तापल्यावर ते पृष्ठभागावर येऊन ऑक्साइडची राखाडी कातडी तयार करतं आणि ती कातडी आतल्या धातूला हवेपासून वाचवते. लोखंडाची खपली हीच कातडी खाते. एका ठिकाणी कातडी गेली की तार तिथे कुरतडली जाते, बारीक झाल्यामुळे तिथेच जास्त तापते, जास्त तापल्यामुळे आणखी कुरतडली जाते. बाकीच्या वीस-बावीस मीटरांचा काही दोष नसतो.

या तारेचं नाव कांथल. स्वीडनच्या हान्स फॉन कांत्सो यांनी हे मिश्रण शोधलं. कांत्सोमधलं 'कांत' आणि हालस्ताहामार गावातलं 'हाल' जोडून नाव केलं. आडनाव आणि गावाचं नाव मिळून थेट धातू, हे मला फार आवडतं.

जुनी तार तुकडा जोडून वाचवावी असा मोह झाला. एक टोक पक्कडीत धरून जरासं वाकवलं तर ते काडीसारखं मोडलं. एकदा भट्टीत तापून निघालेली कांथल थंडपणी वाकत नाही, आतले कण मोठे झालेले असतात. आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे तर अख्खी स्प्रिंग हातात येत होती, प्रत्येक वेढा जागच्या जागी, आणि सरळ करू म्हटलं की तुकडे.

मग नवी तार, आणि तिच्याबरोबर गणित. हा भाग मला सगळ्यात जास्त रमवून गेला, म्हणून थोडा सांगतो.

मागच्या पट्टीवर ३ किलोवॅट, २३० व्होल्ट असं होतं. २३० चा वर्ग भागिले ३,०००, म्हणजे १७.६ ओहम. १७.६ ओहम तर कोणत्याही तारेतून काढता येतात. १ मिलिमीटर जाडीची कांथल घेतली तर साडेनऊ मीटरमध्ये काम होतं. तार कमी, गुंडाळणं कमी. मी खुशीत तेवढीच मागवणार होतो. मग पृष्ठभागाचा हिशेब केला. साडेनऊ मीटर बारीक तारेची एकूण कातडी ३०० चौरस सेंटिमीटर. तिच्यातून ३,००० वॅट बाहेर पडायचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० वॅट. तार भट्टीपेक्षा कितीतरी जास्त तापणार आणि लवकरच जळणार. १.६ मिलिमीटरची घेतली तर मीटरला ०.७२ ओहम पडतात, १७.६ ओहमना जवळजवळ साडेचोवीस मीटर लागते, आणि कातडी १,२०० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. आता वाट्याला अडीच वॅटही येत नाहीत. वीज तीच, उष्णता तीच, बिलही तेच. फरक फक्त तारेला किती छळायचं याचा.

साडेचोवीस मीटर तार १० मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळायची म्हणजे ६७० च्या आसपास वेढे. ड्रिलच्या चकमध्ये सळई धरली, एका हाताने ड्रिल हळू फिरवायचं, दुसऱ्या हाताने तार ताणून धरायची. मी वेढे मोजत होतो. ४१२ ला कुणीतरी हाक मारली. त्यानंतर मोजणं सोडलं आणि शेवटी मल्टिमीटरलाच विचारलं. घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग मीटरभर झाली. ती ओढून सहा खाचांच्या २.४ मीटरवर सारखी पसरायची. ओढताना एकदा जास्त ओढली गेली की परत मिटत नाही, आणि वेढे जिथे दाटतात तिथे तार जास्त तापते. दोन संध्याकाळी यात गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी ती खाचेत अशी बसली की मी दिवा मालवून पुन्हा लावून पाहिली. टोकं दुहेरी पिळून विटेबाहेर काढली, म्हणजे तिथे तार जाड होते आणि थंड राहते. खपल्यांसाठी तळाला सिरॅमिकची पाटी टाकली.

मध्ये एक अडथळा आला. विटा आणि पत्र्याच्या मध्ये राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा थर दिसला. जुन्या भट्टीत असा थर दिसला की हात मागे घ्यायचा. तो अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेतच ठरतं. माझ्या बाबतीत तो होताच. भट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आणि परवाना असलेल्या माणसांकडून तो थर काढून घेतला. तीन आठवडे गेले. सिरॅमिक फायबरची जुनी गादी असेल तर तीही साधी समजू नये. फार तापून तिच्यात स्फटिकी सिलिका तयार होते आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओलं करून, मास्क लावून काढायची. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तिथे फिरवायचा नाही.

आणि दाराचा स्विच. दार उघडलं की हीटरची वीज तुटायला हवी, कारण आत सांडशी घातली आणि ती तारेला टेकली तर सांडशीच्या या टोकाला आपण असतो. या भट्टीत तो स्विच होता. दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून त्याला गप्प केलं होतं. दर वेळी दार उघडल्यावर वीज जाते म्हणून कंटाळून केलं असणार. +४० लिहिणाऱ्याचंच हे काम असेल तर मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

जुना काट्याचा मीटर काढून डिजिटल पीआयडी कंट्रोलर बसवला, म्हणजे तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा. विजेची उघडझाप सॉलिड स्टेट रिलेकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचकडे दिली, पण एकट्या रिलेवर सोडलं नाही. हा रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा बंद न पडता चालूच अडकतो, म्हणजे भट्टी तापतच राहते. म्हणून वेगळ्या थर्मोकपलवर, म्हणजे तापमान कळवणाऱ्या तारांच्या जोडीवर, चालणारा दुसरा रखवालदार आणि त्याच्या हातात वीज तोडणारा एक कॉन्टॅक्टर. मुख्य थर्मोकपलही नवं घातलं. थर्मोकपलच्या डोक्यापासून, म्हणजे भट्टीबाहेरच्या त्याच्या जोडणीपासून, बॉक्सपर्यंत येणारी दोन तारांची जोडी मात्र जुनीच ठेवली. पोर्सिलेनचे मणी ओवलेली, नीट बांधलेली, कुणीतरी मनापासून केलेलं काम. ते तोडवेना.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि घरातला ट्रिपर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. विटांनी आणि नव्या मसाल्याने ओल धरली होती, आणि तीतून वीज पत्र्यावाटे अर्थिंगला गळत होती. आत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून दार किलकिलं ठेवलं. दोन दिवस भट्टी देव्हाऱ्यासारखी मिणमिणत होती. तिसऱ्या दिवशी ट्रिपर गप्प राहिला. मग तासन् तास शंभराच्या जरा वर, मग हळूहळू हजाराच्या पुढे, नव्या तारेला तिची राखाडी कातडी येईपर्यंत.

+४० चं काय? ते जुन्या मीटरचं असणार, मीटर गेला, हिशेब मिटला, असं मी धरून चाललो.

साध्या कार्बन पोलादाचे चार तुकडे कापले. सकाळी भट्टी तापवली, ८०० दिसल्यावर पहिला आत ठेवला, दहा मिनिटं मुरवला, तेलात टाकला. कानस काचेवरून फिरावी तशी घसरली. तुकडा व्हाइसमध्ये धरून मोडला. आत राखाडी, मखमली, कण दिसतच नव्हते. भट्टी जमली म्हणतात ती हीच, असं वाटलं. दिवसभर टेम्परिंगची इतर कामं सोडून तिला ८०० वरच चालू ठेवलं आणि संध्याकाळी दुसरा तुकडा. तेच पोलाद, तेच तेल, तीच दहा मिनिटं, पडद्यावर तेच ८००. मोडला तर आत चमचम. फार नाही, पण सकाळच्या तुकड्याशेजारी भिंगाखाली धरला की बारीक वाळूसारखे कण वेगळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन तुकडे घेऊन पुन्हा केलं. सकाळी मखमल, संध्याकाळी वाळू.

यंत्र चुकत असेल तर चालतं. मापण्याच्या इतिहासात त्याची मोठी उदाहरणं आहेत. इंग्लंडमधले कुंभार जोसाया वेजवुड यांनी १७८२ मध्ये आव्यातली उष्णता मोजायला मातीचे छोटे तुकडे वापरायची पद्धत मांडली. माती जितकी तापेल तितकी आकसते, ती निमुळत्या फटीत किती आत सरकते यावर अंश. त्यांच्या हिशेबाने तांबं २७ अंशांना वितळायचं, आणि त्यांनी ते फॅरनहाइटमध्ये उतरवलं तर साडेचार हजारांच्या वर गेलं, म्हणजे सेल्सियसमध्ये २,५०० च्या पुढे. तांबं खरं तर १,०८५ ला वितळतं. दुपटीहून जास्त चूक. पण आव्यात त्याने काही अडत नव्हतं. काल जितक्या अंशांना भांडं चांगलं निघालं तितक्याच अंशांना आजही निघे. चूक रोज सारखी होती.

माझी सारखी नव्हती. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी.

तिसऱ्या संध्याकाळी भट्टीच्या मागे वाकून काहीतरी उचलत होतो आणि आधाराला हात टेकला तो थर्मोकपलच्या डोक्यावर. चटका बसला. फोड येण्याइतका नाही, पण हात ठेवून देता येईना इतका. सत्तरच्या आसपास असावं. खोलीत ३०.

सत्तर वजा तीस.

मी तिथेच खाली बसलो.

थर्मोकपल तापमान मोजत नाही. ते दोन टोकांमधला फरक मोजतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला किंचित व्होल्टेज मिळतं. जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांना या गोष्टीची चाहूल १८२१ मध्ये लागली, तीही होकायंत्राची सुई हलली म्हणून. माझ्याकडच्या के-टाइप जातीच्या थर्मोकपलमध्ये दर अंशाला ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास मिळतात. कंट्रोलर ते व्होल्टेज घेतो, स्वतःच्या टर्मिनलजवळचं तापमान त्यात मिळवतो आणि आकडा दाखवतो. हे बरोबर यायचं तर त्या दोन धातूंची जोडी कंट्रोलरपर्यंत तशीच पोचायला हवी. मध्येच डोक्यापाशी तारा बदलून दोन्ही तांब्याच्या लावल्या तर फरक भट्टी आणि डोकं यांच्यातला मोजला जातो, आणि कंट्रोलर मात्र खोलीचं तापमान मिळवत बसतो. डोकं ७०, खोली ३०. मधले ४० कुणाच्याच खात्यात जात नाहीत. पडद्यावर ८००, आत ८४०.

पोर्सिलेनचे मणी सरकवून तार चाकूने खरवडली. दोन्ही तांबूस.

सकाळी भट्टीचं डोकं गार असतं, चूक जवळजवळ शून्य. दिवसभर चालली की मागचा पत्रा तापतो, डोकं तापतं, चूक चाळिसावर जाऊन थांबते. तो माणूस कामाला लागायचा तेव्हा त्याची भट्टी कायमच पूर्ण मुरलेली असणार, टूलरूममध्ये ती पाळी संपेपर्यंत बंदच होत नसेल. त्याने कितीतरी तुकडे मोडून बघितले असणार, मीटर खोटं बोलतो हे धरलं असणार, किती खोटं बोलतो हेही धरलं असणार. त्या खोटेपणाचं कारण मात्र बॉक्सपासून जेमतेम हातभर अंतरावर होतं. कदाचित त्या तारा त्यानेच ओवल्या असतील. मी तरी काय केलं? त्याच तारा सुंदर दिसल्या म्हणून ठेवल्या आणि त्याचा आकडा मात्र शिळा म्हणून सोडून दिला. नेमकं उलट करायला हवं होतं.

थर्मोकपलच्याच धातूंची नवी जोडी ओढली. तिच्यातली एक तार चुंबकाला चिकटते, दुसरी नाही, त्यामुळे उलटी लागायची भीती नसते. उलटी लागली तर भट्टी तापेल तसा आकडा खाली जाईल आणि कंट्रोलर आणखी तापवत सुटेल. संध्याकाळचा तुकडा मोडला. मखमल.

थिनरमध्ये बोळा भिजवून झाकण पुसायला घेतलं. मग म्हटलं, आधी तपासू तर खरं. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळतं. लहानशा सिरॅमिकच्या वाटीत चिमूटभर घेतलं, चिमटीपेक्षा जास्त नाही, मिठाची वाफ त्या राखाडी कातडीची वैरीण. वाटी थर्मोकपलच्या टोकाशेजारी ठेवली, दाराच्या भोकावर काळा चष्मा लावून डोळा लावला आणि मिनिटाला दोन अंश अशा चालीने वर गेलो. ७८५. ७९०. खडे लालभडक आणि कडा अजून टोकदार. ७९३ ला एक कोपरा मऊ झाल्यासारखा वाटला, पण तो माझ्या मनाचा असावा. ७९५ ला खडे एकमेकांत बसले आणि वाटीत काचेचा थेंब राहिला.

७९५. सामान्य दर्जाच्या के-टाइपला ८०० अंशांपाशी सहा अंशांची चूक माफ असते. माझ्या थर्मोकपलने माफीतला पैन्‌पै वापरला होता.

बोळा बाजूला ठेवला. +४० वर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल इतकी बारीक. शेजारी लिहिलं : तार बदलली. तारीख घातली. मग काडी पुन्हा डब्यात बुडवली आणि खाली लिहिलं : +६. सहाच्या पोटातून रंगाचा ओघळ निघाला. पुसायला गेलो नाही.